मिच

३० एप्रिल, रात्र. बुखारेस्ट, रोमानिया

दोनदा साबण लावूनही हाताचा लसणाचा वास जात नाहीये. खिमा झाकून फ्रीजमध्ये ठेवलाय. उद्या दुपारपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असं शेजारच्या आजींनी बजावलंय. (तोंडावर त्यांना इथल्या रीतीने ‘दोआम्ना’ म्हणते, मनात मात्र आजीच.)

इथे १ मे म्हणजे मिच. मिच म्हणजे छोटे; त्यांचंच दुसरं लाडकं नाव मितितेय. बोटभर लांबीचे, आतड्याच्या आवरणाशिवाय कोळशावर भाजलेले सॉसेज. एका खाणावळीत एकदा आतडी संपली आणि मालकाने खिमा तसाच वळून जाळीवर टाकला, अशी गोष्ट सांगतात. मला ती गोष्टच वाटते. तुर्की अमलाखालच्या साऱ्या बाल्कनमध्ये या कबाबाची भावंडं आहेत.

गेल्या वर्षी माझे मिच कोरडे, कटलेटसारखे झाले होते. बिनचरबीचा खिमा घेतला होता आणि हाडांचं पाणी घालायचं टाळलं होतं. पाण्याने वळताना तुटतील, अशी भीती वाटली होती. आज आजी शेजारी उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे गाईच्या मानेचं मांस वापरतात. आम्ही ते खात नाही, म्हणून ६०० ग्रॅम मेंढीचं आणि ४०० ग्रॅम चरबीसकट डुकराचं घेतलं, दोनदा दळून. मेंढीचं मांस जुन्या रीतीतही असतंच, त्यामुळे त्यांनी लगेच मान डोलावली. मीठ, मिरे, धणे, थोडं जिरं, थाइम आणि येनिबहार, म्हणजे ऑलस्पाइस. लसूण ठेचून कोमट हाडांच्या पाण्यात भिजवायचा आणि फक्त ते पाणी गाळून घ्यायचं. हे पाणी आपल्या अळणीसारखंच, फक्त हळदीविना.

मग मळणं. पाणी एकदम नाही, पळीपळीने. एक पळी मुरली की दुसरी. प्रत्येक वेळी मला वाटायचं, झालं. आजी म्हणायच्या, ‘इंका पुत्सिन’, अजून थोडं. तासाभरात किलोभर खिम्याने पाव लिटर पाणी पिऊन टाकलं आणि तो बोटांना चिकटून ताणला जायला लागला. मिठाने आणि मळण्याने मांसातलं प्रथिन सुटतं आणि तेच सगळं धरून ठेवतं. म्हणून अंडं नको, पावाचा चुरा नको, आवरणही नको. शेवटी खाण्याचा सोडा, लिंबाच्या रसात फसफसवून. त्याने मिच फुगतात, मऊ राहतात. २०१३ साली युरोपियन युनियनच्या नियमांमुळे हा सोडाच बंद होणार, अशी इथे धास्ती होती. पुढच्या वर्षी मिचसाठी सूट मिळाली. आजी आजही त्याबद्दल तावातावाने बोलतात.

१ मे, संध्याकाळ

सकाळी घरी फोन करून महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा दिल्या आणि आजींच्या अंगणात गेले. ओल्या हातांनी मिच वळले. निखारे चांगले फुलू दिले. जाळीवर ठेवल्यावर लगेच हलवायचे नाहीत. खालची बाजू धरली की ते आपणहून सुटतात. एकही तुटला नाही. चावल्यावर रस हनुवटीपर्यंत आला. सोबत पाव आणि मोहरीची चटणी, ‘मुश्तार’. दुसरं काही लागत नाही.

पुढच्या खेपेला येनिबहार चिमूटभर कमी. बाकी असंच.