यादीतली आडवी रेघ

रात्रीचे अकरा वाजून गेलेत आणि डोक्यातून ती रेघ जात नाही. पक्षाच्या पोरांनी घरोघर मतदार चिठ्ठ्या वाटून परत आणलेल्या मतदारयादीत एका नावापुढे 'स्थ.' आणि नावावरून पेनाची आडवी रेघ. घराला कुलूप होतं, शेजारी म्हणाले "हल्ली दिसत नाहीत". एवढ्यावर माणूस स्थलांतरित.

हल्ली न दिसणारा माणूस लेकीच्या बाळंतपणाला गेलेला असतो, दवाखान्यात असतो, रात्रपाळी करून आत झोपलेला असतो. म्हणून कुलपाची खूण वेगळी, 'बं.' म्हणजे घर बंद, आणि वेळ बदलून पुन्हा जायचं. सकाळी गेलो असू तर रात्री आठनंतर. 'स्थ.' लिहायचं ते घरातल्या कुणी किंवा आताच्या भाडेकरूने सांगितलं तरच, आणि सांगणाऱ्याचं नाव शेजारी लिहायचं. मयताच्या बाबतीत फक्त घरच्यांचा शब्द. सगळं पेन्सिलीने. पेनाची रेघ अनुक्रमांकावरून गेली, की मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर आपल्या पक्षाच्या टेबलावर बसणाऱ्याला तो आकडा वाचता येत नाही आणि समोरचा मतदार ताटकळतो.

दमलेय, हेही खरं. जिने चढायचे आपण आणि मंचावर मात्र... जाऊ दे.

त्या नावापुढे आधीपासून लाल टिंब आहे. म्हणजे घर 'आपलं' नाही, आपल्या पक्षाला मत देणारं नाही. म्हणून हात इतका सहज चालला का? हिरवं टिंब असतं तर पुन्हा दार वाजवलं असतं, नक्की. हेच सलतंय.

आपल्या कागदावरच्या रेघेने सरकारी यादीतलं नाव जात नाही, ठाऊक आहे. त्यासाठी नमुना ७, म्हणजे नाव वगळण्याचा अर्ज लागतो, आक्षेप घेणारा त्याच मतदारसंघातला मतदार असावा लागतो. खोटं निवेदन केलं तर १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पण निवडणूक संपल्यावर याच खुणा बघून कुणी एकगठ्ठा अर्ज भरायला बसलं तर? चौकशीला येणाऱ्या बीएलओला, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यालाही तेच कुलूप आणि तेच शेजारी भेटणार.

केंद्रावरच्या अनुपस्थित-स्थलांतरित-मयत यादीत नाव असलं तर निदान वाट उरते. केंद्राध्यक्ष ओळख नीट पडताळतात, सहीबरोबर अंगठाही घेतात, पण मत देता येतं. मूळ यादीतूनच नाव गेलं तर हातातल्या ओळखपत्राचा काही उपयोग नाही. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली, की त्या निवडणुकीसाठी नाव घालता येत नाही. नमुना ६, नाव नोंदवण्याचा अर्ज, पुढच्या वेळी. रांगेत तासभर उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला हे कुणी समजवायचं? "कार्ड तर आहे माझ्याकडे," असं म्हणत तो आपल्याच टेबलाशी येतो.

पोरांवर चिडून काय होणार. नवी आहेत, उन्हातान्हात फिरतात, आणि त्यांच्या हातात नुसते गठ्ठे दिले गेले. खुणा कुणी शिकवल्याच नाहीत. उद्या निघण्याआधी दहा मिनिटं बसवून शिकवायच्या. टिंबांची यादी बूथप्रमुखाकडेच राहू दे, चिठ्ठ्या वाटायला कोरी प्रत.

ज्या 'स्थ.'पुढे सांगणाऱ्याचं नाव नाही, ते सगळे पुसून 'बं.' करायचे. पेनाने मारलेल्या पानांच्या नव्या प्रती काढाव्या लागतील. झेरॉक्सवाला नऊला उघडतो.