बरणीच्या तळाचा खार

माघ सरला की लोणच्याच्या बरणीत फोड सापडणं नशिबावर असतं. डाव घातला की वर येतो तो नुसता खार. लालभडक, दाटसर, मोहरीच्या डाळीने रवाळ झालेला, त्यात एखादी चोखलेल्यासारखी कोय. मग बरणी फडताळात मागे मागे सरकत जाते, आणि चैत्रात नव्या कैऱ्या दिसायला लागल्या की खार उकिरड्यात आणि बरणी मोरीत. नऊ-दहा महिने मुरलेला मसाला असा टाकून द्यायचा आणि त्याच दिवशी दुकानातून लोणच्याच्या चवीचा तयार मसाला आणायचा, हा व्यवहार काही पटत नाही.

खारात आहे काय, ते आधी पाहू. सांगली-साताऱ्याकडे घरोघरी प्रमाणं वेगळी, पण एक किलो फोडींना साधारण दोनशे ग्रॅम मीठ, शंभर ग्रॅम मोहरीची डाळ, तेवढंच तिखट, पंचवीस ग्रॅम हळद, दहा-दहा ग्रॅम मेथी आणि हिंग, आणि पाव किलोच्या वर तेल एवढं धरायला हरकत नाही. कैरीचं आंबट पाणी सुटून या सगळ्यात मिसळतं आणि तयार होतो तो खार. त्याच्या चहाच्या एका चमच्यात जेमतेम एक ग्रॅम मीठ असतं. म्हणजे पोह्याचा चमचा (चहाचे तीन) दोनदा भरून घेतला, की मिठाचा एक सपाट छोटा चमचा पडला असं समजायचं. खार घालून बिघडलेल्या दहा पदार्थांपैकी नऊ खारट झालेले असतात, कारण खारही घातला जातो आणि हाताच्या सवयीने मीठही. उरलेला एक बिघडतो आंबटामुळे. खार कुठे रंगत आणेल आणि कुठे घात करेल, हे या दोघांवर ठरतं. तिखट-हिंगाचा प्रश्न सहसा येत नाही.

आंबटाचा घात कसा होतो, ते कोरेगावकडच्या वाघ्या घेवड्यावर चांगलं कळतं. घेवडा आठ तास भिजवला, कुकरला लावला आणि चव मुरावी म्हणून त्यातच दोन चमचे खार टाकला, तर पाच शिट्ट्या होऊनही दाणा कचकचीत राहतो. आंबट पडलं की दाण्यातला पेक्टिन विरघळायला तयार होत नाही. मटकी, बटाटा, हरभरा, सगळ्यांचं तेच. म्हणून घेवडा साध्या पाण्यात, दोन बोटांत चिरडेल इतका शिजवायचा आणि खार मग. उसळीला उकळी फुटली की वाटीभर घेवड्याला पोह्याचा एक चमचा खार, लिंबाएवढा नव्हे, सुपारीएवढा गूळ, आणि पाच मिनिटं मंद आच. चिंच, आमसूल काही नको.

दुसरी चूक म्हणजे खार फोडणीत टाकणं. कडकडीत तेलात खार पडला की त्यातलं पाणी तडतडून उडतं, ते उडालं की हळद-तिखट काळवंडतं आणि मोहरीची डाळ, मेथी जळून कडू होतात. शिळ्या भाताला फोडणी देताना नेहमीसारखी जिरं-कढीपत्ता-शेंगदाण्यांची फोडणी करावी, भात परतून वाफ आणावी, गॅस बंद करावा आणि मग दोन वाट्या भाताला पोह्याचा एक चमचा खार मोकळा करून हाताने मिसळावा. मोहरीचा तो नाकात जाणारा झणका उष्णतेने उडून जातो, म्हणून तो हवा असेल तर खार नेहमी शेवटी.

याला एक अपवाद, तो भरल्या वांग्याचा. कृष्णाकाठची छोटी वांगी, अर्धा किलो घ्या. सारणाला अर्धी वाटी शेंगदाण्याचं कूट, दोन चमचे भाजलेलं सुकं खोबरं, एक चमचा कांदा-लसूण मसाला, थोडा गूळ आणि दोन पोह्याचे चमचे खार. मीठ नाही. कांदा-लसूण मसाल्यातही मीठ असतंच, त्यामुळे चव घेऊन लागलंच तर शेवटी. इथे खार कुटात बांधला जातो, तेलाशी त्याची थेट गाठ पडत नाही, म्हणून तो जळत नाही. मात्र आंबटाने वांगी शिजायला वेळ लावतात. तेव्हा चिरा दिलेली वांगी आधी नुसती तेलात झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं नरम करून घ्यावीत, गार झाली की भरावीत आणि झाकणावर पाणी ठेवून बारीक आचेवर दहा मिनिटं ठेवावीत. रस्सा हवा असेल तर पाणी गरमच घालायचं. तेल नेहमीपेक्षा निम्मं, कारण खार स्वतःचं तेल घेऊन आलेला असतो.

धपाट्यांच्या पिठाचं गणित सोपं. दोन वाट्या ज्वारी-बेसनाच्या पिठाला दोन पोह्याचे चमचे खार, की मीठ, तिखट, हळद, हिंग सगळं एका फटक्यात झालं. फक्त खारातले सालीचे तुकडे धपाटा थापताना आडवे येतात आणि तिथेच तो फाटतो. खार आधी मिक्सरमधून काढावा, तोही थांबत थांबत, दोन-तीन झटके. मिक्सर सलग फिरवला की मोहरीचा कडवटपणा वर येतो आणि मग गुळानेही तो झाकत नाही.

दह्यात कालवलेला खार बाजरीच्या भाकरीबरोबर खाणाऱ्यांना सांगायला नको. घट्ट, गोडसर दही एक वाटी, खार चहाचे दोन चमचे, कूट एक चमचा. कालवून दहा मिनिटं ठेवलं की रंग केशरी येतो. दही आधीच आंबट असेल तर हा बेत सोडून द्यावा. कोंबडीला अर्ध्या किलोला दोन पोह्याचे चमचे लावून तासभर ठेवतात, रात्रभर नाही. मिठाने पाणी सुटतं आणि आंबटाने मांस वरून भुसभुशीत होतं.

आता सांगलीत बसून भडंगाचं नाव काढलं नाही तर लोक विचारतील. भडंगाला खार लावायचा विचार कुणाच्या मनात आलाच, तर तो लगेच काढून टाकावा. खारातलं पाणी चिरमुऱ्याला लागलं की क्षणात चिवट. चालतं ते फक्त वरचं तेल. बरणी रात्रभर हलवू नये, सकाळी वर आलेलं निवळशंख लाल तेल डावाने अलगद काढून घ्यावं. मोठं पातेलंभर चिरमुऱ्यांना हे तेल दोन पोह्याचे चमचे, बारीक चिरलेला कांदा, मूठभर शेंगदाणे. कच्चं तेल-तिखट लावलेल्या चिरमुऱ्यांचा हा थोरला भाऊ. मीठ तेलात विरघळत नाही, त्यामुळे इथे मात्र वरून मीठ लागतंच. कालवल्यावर पाच मिनिटांत संपवायचं.

खाराचा सगळ्यात चांगला उपयोग बेदाण्यांशी लावून दिलेली सोयरीक. तासगावचा बाजार जवळ, बेदाणे घरात असतातच. वाटीभर खार, अर्धी वाटी बेदाणे, दोन चमचे चिरलेला गूळ. बेदाणे धुतले तर पंख्याखाली अगदी कोरडे होऊ द्यायचे. दोन दिवसांत ते खारातलं पाणी पिऊन टम्म फुगतात. खारटपणा त्यांच्या आत जातो, त्यांची गोडी बाहेर येते आणि खारट म्हणून बाजूला टाकलेला खार आंबटगोड होऊन बसतो. वर्ष उलटत आलेल्या खाराला हे औषधच. गूळ-बेदाण्याने मिठाची टिकवण्याची ताकद मात्र पातळ होते, म्हणून हे फ्रिजमध्ये ठेवून पंधरा दिवसांत संपवावं.

हाच नियम जुन्या खारात नवं काही घालणाऱ्या सगळ्यांना. मिरच्या घाला, गाजराच्या कांड्या घाला, कोवळे लसूण घाला, पण प्रत्येक भाजी आपलं पाणी सोडते आणि मिठाचं प्रमाण तेवढं उतरतं. शंभर ग्रॅम मिरच्यांना वाटीभर खार घेतला तर त्यात पोह्याचा एक चमचा मीठ आणि दोन लिंबांचा रस वाढवलाच पाहिजे. मिरच्या धुऊन रात्रभर फडक्यावर पसराव्यात, देठाशी पाणी राहतं तिथूनच बुरशी धरते. गाजर-लसूण फ्रिजमध्येच, आणि चार दिवसांच्या वर नाही.

खार काढून झाल्यावरही बरणीच्या कडेला बोटभर जाड थर असतो. त्यात एक भांडं कडकडीत नव्हे, कोमट पाणी घालून खंगाळावं. थंड चिनीमातीवर उकळतं पाणी पडलं तर तडा जातो. ते खंगाळलेलं पाणी पिठल्याला घ्यावं. एक वाटी बेसनाला तीन वाट्या पाणी लागतं, त्यातली एक वाटी हे. तिखट-मीठ नेहमीच्या निम्मं. ताकाच्या कढीला मात्र नको, ती आंबटात आंबट होऊन फाटते.

स्वयंपाकघराबाहेर खाराचं काम एकच, पण ते तो झोकात करतो. खार सरत आलेला असतो आणि पाडवा तोंडावर असतो. गुढीवर पालथा घालायचा तांब्या वर्षभरात काळवंडून तपकिरी झालेला. तेल पूर्ण निथळलेला, गाळणीत राहिलेला चोथा घ्यावा, तांब्यावर चोळावा, दोन-तीन मिनिटं ठेवावा. कैरीतली सायट्रिक आणि मॅलिक आम्लं तांब्यावरचा काळा थर सोडवतात, मीठ त्यांना जोर देतं, मोहरीची भरड घासणीचं काम करते. राखेने अर्धा तास घासून निघतं ते इथे पाच मिनिटांत निघतं. पुढची पायरी लोक विसरतात. तेलाचा तवंग राहतो, म्हणून लगेच भांड्याच्या साबणाने धुवायचं, भरपूर पाण्याने खळखळून काढायचं आणि कोरड्या फडक्याने पुसायचं. मिठाचा अंश राहिला तर दुसऱ्या दिवशी हिरवे ठिपके. पितळेची समई खारात बुडवून ठेवून दुसऱ्या कामाला गेलात तर ती गुलाबी होते. पितळेतलं जस्त आम्लाबरोबर निघून जातं आणि वर तांबं उघडं पडतं. पितळेला दोन मिनिटं पुरे.

देवाच्या भांड्यांना उष्टावलेल्या बरणीतलं लोणचं लावायचं का, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी मोरीतला बंब आणि घंगाळ आहेच. कल्हई केलेल्या भांड्याच्या आत मात्र खार कधीच लावू नये. मीठ-आंबट कथिल खातं आणि कल्हई जाते. ॲल्युमिनियम काळं पडतं. लोखंडी तव्याचा गंज निघाल्यासारखा दिसतो खरा, पण मिठामुळे सकाळी दुप्पट चढलेला असतो. आणि उरलेला खार स्टीलच्या डब्यात साठवू नये, महिनाभरात तळाला बारीक खड्डे पडतात.

ओट्याचंही सांगून ठेवायला हवं. कडाप्पा आणि शहाबादी दोन्ही चुनखडीचे दगड. त्यांच्यावर खार सांडला आणि तासभर राहिला तर दगडाची चकाकी जाऊन फिका डाग उमटतो. तो डाग नसतोच, तिथला दगडच खाल्लेला असतो. घासून जात नाही, पॉलिश करावं लागतं. खार सांडला की आधी पुसायचं, मग साबण.

कपड्यावर पडला तर क्रम उलटा नाही, पण गंमत वेगळी. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद रंगाला पक्की, हे सदऱ्यावर खार पडल्यावर पटतं. साबण लावला की पिवळा डाग लालबुंद होतो आणि माणूस घाबरतो. घाबरण्यासारखं काही नसतं. साबण अल्कधर्मी आणि हळद तिथे लाल दिसतेच, पाण्याने नीट धुतलं की परत पिवळी. खरं काम ऊन करतं. आधी तेल निघेपर्यंत भांड्याचा साबण, मग ओला कपडा डाग वर ठेवून कडक उन्हात, दोन-तीन दिवस. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. गरम पाणी आणि इस्त्री मात्र डाग जाईपर्यंत नको.

एवढं करूनही खार उरला आणि त्यावर पांढरी किंवा काळी बुरशी दिसली, तर वरचा थर काढून खालचा वापरण्याचा मोह धरू नये. सगळाच टाकावा. तो कुंडीत नको, परसातल्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी नको, गांडूळखताच्या खड्ड्यात तर मुळीच नको. मिठाने मुळं करपतात, गांडुळं मरतात. बेसिनमध्ये ओतला तर तेल आणि मोहरीची डाळ पाइपाच्या वळणात बसून पाणी तुंबतं. अंगणातल्या फरशीच्या फटींतून हरळी डोकं काढत असेल तर तिथे घालावा, उन्हाच्या दिवशी, आणि बाकीचा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत.