पाचोऱ्यातलं दुकान भावासाठी परत मिळवताना

भाऊ बी.फार्म. झाला, फार्मसी कौन्सिलची नोंदणी झाली आणि पाचोऱ्यातल्या आमच्याच दुकानात मेडिकल टाकायचं ठरलं. त्या दुकानात आमच्या आप्पांच्या काळापासून नानांचा किराणा. करार तोंडी, भाडं पावतीवर. नानांनी भाडं कधी थकवलं नाही, पोटभाडेकरूही ठेवला नाही. त्यामुळे दावा लावायला आमच्याकडे एकच कारण होतं, घरची गरज.

विषय काढला तेव्हा नाना एवढंच म्हणाले, “आते या वयमा मी कोठे जाऊ, बेटा?” हा प्रश्न पुढे कोर्टातही येणार, हे वकीलसाहेबांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 16 प्रमाणे मालकाची गरज खरी आणि वाजवी असली तर ताबा मागता येतो. पण त्याच कलमात पुढे न्यायाधीशांनी तोलायचं असतं, की ताबा दिल्याने भाडेकरूचं जास्त नुकसान की न दिल्याने मालकाचं. गावात सल्ला देणारे बरेच होते. कुणी म्हणे कुलूप ठोका, कुणी म्हणे लाईट तोडा. तसं काही करायचं नाही, वीज-पाणी तोडणं या कायद्यात गुन्हा आहे, असं वकीलसाहेबांनी बजावलं.

नोटीस देऊन तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. आप्पा गेल्यावर उताऱ्यावर आई, मी आणि भाऊ अशी तिघांची नावं लागली होती. तिघंही वादी झालो. खरी कसोटी भावाच्या उलटतपासणीत लागली. गल्लीत मागच्या बाजूला आमचा एक रिकामा गाळा आहे, त्यावर नानांच्या वकिलांनी जोर दिला. आम्ही तो दाव्यातच नमूद केला होता, हे फार कामी आलं. औषध दुकानाच्या किरकोळ परवान्याला किमान 10 चौरस मीटर जागा लागते आणि तो गाळा त्याहून लहान. मोजमापाचा नकाशा आम्ही आधीच दाखल केलेला होता. मालकाने दुसरी जागा लपवली आणि ती उलटतपासणीत बाहेर आली, तर गरजेवरचा विश्वासच उडतो.

नानांच्या अडचणीचा भाग मात्र मला नुसता कागदावर सोडून द्यावासा वाटत नव्हता. मी स्वतः बाजारात फिरून भाड्याने मिळणाऱ्या दुकानांची माहिती काढली, भाडं विचारलं, आणि ती यादी कोर्टात दिली. त्यातलंच एक, स्टेशनच्या बाजूचं, नानांच्या मुलाला पटलं.

मग प्रकरण लोकअदालतीत ठेवलं. दिवाळीचा हंगाम नानांनी जुन्या जागेतच करायचा, तोवर भाडं तेच, फळ्या-कपाटं त्यांची, असं ठरलं. आमची गरज खरी असल्याचं नानांना मान्य आहे, हे वाक्य वकिलांनी तडजोडीत आवर्जून घातलं. भाडे कायद्यात नुसत्या आपसातल्या तडजोडीवर ताबा पक्का होत नाही, कायद्यातलं कारण दिसावं लागतं. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते.

ताबा मिळाल्यावर आम्ही लगेच फर्निचरचं काम लावलं. गरजेच्या कारणावर घेतलेली जागा महिनाभरात वापरात आणली नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिली, तर कलम 17 प्रमाणे जुना भाडेकरू ती परत मागू शकतो. नानांना तसा हक्क असणं मला योग्यच वाटतं.