आमची वाटचाल : कोअर मिस्त्रींचा, नाव दुसऱ्याचे

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमची फाउंड्री, म्हणजे लोखंडी ओतकामाचा कारखाना, एका क्युपोलावर (कोक जाळून लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीवर) सुरू झाली. भांडवल माझे आणि हात मिस्त्रींचे. साच्याची वाळू मुठीत दाबून मोडली की ओल किती आहे हे ते सांगायचे. टेस्टिंगची यंत्रे आमच्याकडे फार उशिरा आली. पुढे शिरोली एमआयडीसीत शेड घेतली, विजेवरची इंडक्शन भट्टी बसवली, काम बरे चालले.

२००८ च्या मंदीत ट्रॅक्टरच्या ऑर्डरी एकदम थांबल्या. भट्टी गार, वीजबिलाचा डिमांड चार्ज (वीज वापरली नाही तरी भरायचा ठरीव आकार) मात्र चालूच. त्यातच एका मोठ्या फाउंड्रीने आमचे चांगले मोल्डर, म्हणजे साचे भरणारे कारागीर, जादा पगारावर नेले. पोरांवर राग नाही, प्रत्येकाला घर आहे. राग आहे तो कोअरच्या बाबतीत. कोअर म्हणजे ओतीव वस्तू आतून पोकळ राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा.

पंपाच्या केसिंगचा (बाहेरच्या कवचाचा) आमचा कोअर वळणाचा. सळीने मारलेला व्हेंट (गॅस जायचे भोक) वळणापर्यंत पोचायचा नाही, गॅस आत कोंडायचा आणि मशीनिंगला गेल्यावर नेमका फ्लँजजवळ (जोडणीच्या कडेजवळ) ब्लो होल, म्हणजे गॅसने पडलेली पोकळी, उघडायचा. मिस्त्रींनी कोअर बॉक्समध्ये (कोअरच्या साच्यात) तेल लावलेली नायलॉनची दोरी वळणावळणाने घातली, वाळू कडक करणारा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वायू थोडाच सोडला आणि कोअर पुरता कडक व्हायच्या आत दोरी अलगद ओढून काढली. गॅसला वाट मिळाली, रिजेक्शन झपाट्याने खाली आले. हीच युक्ती त्या फाउंड्रीने आपले संशोधन म्हणून गिऱ्हाइकांना दाखवली. मिस्त्रींचे नाव कुठेच नाही. हे मला आजही सलते.

तेव्हा आमचे गिऱ्हाईक, पंपवाले अण्णा आमच्यामागे उभे राहिले. त्यांना दुसरीकडून कमी भाव आला होता, तरी त्यांचे पॅटर्न (साचा उठवायचे नमुने) त्यांनी आमच्याकडून उचलले नाहीत. उलट आगाऊ रक्कम पाठवून म्हणाले, "पिग आयर्न (ओतायचे कच्चे लोखंड) घ्या, मिस्त्रींना सोडू नका." त्या पैशावर भट्टी पुन्हा पेटली.

मग शेडच्या दाराशी मोठा फळा लावला. रोजची हीट (भट्टीत एकावेळी वितळवलेला माल), साच्याच्या किती पेट्या ओतल्या, किती माल परत आला, कशामुळे आला, सगळे खडूने लिहायचे. वाळू चाळणाऱ्यापासून माझ्यापर्यंत सगळ्यांचे ध्येय एकच : परतीचा आकडा खाली आणायचा. ज्याची युक्ती चालेल त्याचे नाव त्या पार्टच्या प्रोसेस शीटवर, म्हणजे तो कसा बनवायचा हे लिहिलेल्या कागदावर. कोअर शॉपमधल्या एका ताईंनी कोअर ठेवायचे फळकूट बदलायला लावले आणि कडा तुटायच्या थांबल्या. त्या शीटवर आज त्यांचे नाव आहे.

टोयोटाने १९५१ पासून कामगारांच्या सूचना पद्धतशीर घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे भेलसारख्या (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) सरकारी कारखान्यात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला क्वालिटी सर्कल, म्हणजे कामात सुधारणा सुचवणारे कामगारांचे छोटे गट, आली. तरी आमच्या भागात अजून सल्लागार बोलावतात, भिंतीवर व्हिजनची पाटी लावतात आणि मोल्डरला ती वाचूनही दाखवत नाहीत.

नव्या उद्योजकांनी एवढे करावे. सूचनापेटीला कुलूप घालू नका, सूचना फळ्यावर सगळ्यांसमोर लिहा. नाकारलीत तर कारण त्याच पाळीत सांगा. फसलेल्या प्रयोगाच्या पेटीचे पैसे कामगाराकडून कापू नका. आणि बक्षीस दिवाळीपर्यंत लांबवू नका, त्याच महिन्याच्या पगारात द्या.