तुम्ही विचारलंत म्हणून: पुण्याची ऑफर घ्यावी का?

नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात गेली 18 वर्षं मी पगारपत्रकं करते. त्यामुळे ओळखीतली मुलं ऑफर लेटर घेऊन माझ्याकडे येतात. प्रश्न ठरलेला: "नाशिकमध्ये एवढे मिळतात, पुण्यात तेवढे देतायत. जाऊ का?"

गेल्या रविवारी बहिणीचा मुलगा आला. पॅकेज सहा लाखांचं, म्हणजे महिन्याला पन्नास हजार, असं त्याने मनाशी धरलेलं. त्याच्याच वहीत मांडून दाखवलं. बेसिक, म्हणजे पीएफ ज्यावर मोजतात तो मूळ पगार, 25,000 धरू. कंपनीच्या वाट्याचा पीएफ 3,000 आणि ग्रॅच्युइटीचे (पुरेशी वर्षं काम केल्यावर नोकरी सोडताना मिळते ती रक्कम) साधारण 1,200 त्या पन्नासातच मोजलेले असतात. उरले 45,800. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ 3,000, व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300). हातात 42,600. पीएफ त्याचाच आहे, कुठे जात नाही. पण घरमालकाला भाडं पाच तारखेला लागतं, आणि डिपॉझिट तर पहिला पगार व्हायच्या आधीच.

मग विचारलं, इथे तुझा खर्च किती?

"काहीच नाही गं मावशी. पेट्रोल आणि मोबाइल."

सिडकोतलं घर वडिलांनी कर्ज काढून घेतलेलं. विजेचं बिल तेच भरतात. डबा आई पहाटे उठून करते. मी वहीत भाडं, किराणा, वीज, डबा असे रकाने पाडले आणि समोर लिहिलं: आई-बाबा. तो बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला. नाशिक स्वस्त आहे असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा नाशिकला आपलं घर आहे एवढाच त्याचा अर्थ असतो. धुळ्या-जळगावहून येऊन पाथर्डी फाट्याला खोली घेतलेल्या मुलांना हे सांगावं लागत नाही. त्यांना भाडं इथेही आहे, मेस इथेही आहे. पगारातली वाढ त्यांच्या हातात बऱ्यापैकी उरते, म्हणून त्यांना मी लवकर 'जा' म्हणते.

याच्या बाबतीत मला वेळही मोजावासा वाटतो. सिडकोतून अंबडला तो गाडीवर पंधरा मिनिटांत पोचतो. पुण्यात राहायचं एकीकडे आणि ऑफिस हिंजवडीला, असं झालं तर तासभर रस्त्यावर. शिवाय महिन्यातून दोनदा घरी यायचं तर सिन्नर-संगमनेर-नारायणगाव करत दोनशेच्या वर किलोमीटर, जाऊन-येऊन दुप्पट.

पण तो सॉफ्टवेअरवाला आहे, आणि त्या कामाला इथे वाव कमी. टूलरूमचा किंवा मेंटेनन्सचा असता, तर सातपूर-अंबडमध्येच शिक, असं ठामपणे सांगितलं असतं. याने शिकायला मिळणार असेल तर जावं, हातात फार उरलं नाही तरी. फक्त पाच-सात हजार जास्त दिसतायत म्हणून जाऊ नये.

राजीनामा द्यायच्या आधी बेसिक किती आणि काम नेमकं कुठल्या प्रोजेक्टवर, हे लेखी विचार, म्हटलं. त्याने माझ्यासमोरच मेल टाकला. अजून उत्तर यायचंय.