ओल पेजेतामध्ये गेंडा बघण्याआधी मोबाईलचं लोकेशन बंद करावं लागलं

नानयुकी गाव मागे टाकून ओल पेजेता अभयारण्याच्या गेटवर पोचलो तेव्हा मी कॅमेरा काढून तयारच बसले होते. पण आमचा ड्रायव्हर-गाइड मागे वळला आणि म्हणाला, आधी सगळे मोबाईल बाहेर काढा. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करा, गेंड्याचे फोटो आज कुठेही टाकू नका, घरी गेल्यावर टाका आणि तेव्हाही नेमका कुठे दिसला ते लिहू नका. गाडीत एक मिनिट शांतता. मला खरंच हे आधी कधी सुचलंच नव्हतं, आपण हौसेने टाकलेला फोटो चुकीच्या माणसाने बघितला तर गेंडा शोधायचं अर्धं काम आपणच करून दिलेलं असतं ना.

केनियात लायकिपियाच्या पठारावर ही जागा आहे, सुमारे 90,000 एकर, समोर माउंट केनिया, आणि विषुववृत्त इथूनच जातं. पूर्वी हे गुरांचं मोठं रँच होतं, आजही बोरान जातीची गुरं त्याच गवतावर चरतात जिथे झेब्रे चरतात, आणि हे सगळं एक ना-नफा संस्था चालवते. पूर्व आफ्रिकेतलं काळ्या गेंड्यांचं सगळ्यात मोठं अभयारण्य हेच. 1970 च्या सुमारास केनियात जवळपास 20,000 काळे गेंडे होते आणि 1980 चं दशक संपेपर्यंत 400 सुद्धा उरले नाहीत, का तर शिंगासाठी, आणि ते शिंग म्हणजे काय तर केराटिन, आपल्या नखांत असतं तेच!! केनियाने 1977 मध्येच शिकारीवर बंदी घातली होती, तरी हे झालं. म्हणजे नुसता कायदा पुरत नाही, रात्रभर जंगलात पायी फिरणारी माणसं लागतात आणि त्यांना दर महिन्याला पगार लागतो.

दुपारी नाजिन आणि फातूला बघितलं. नॉर्दर्न व्हाइट जातीचे जगात उरलेले हे शेवटचे दोन गेंडे, मायलेकी. 2009 मध्ये चेक रिपब्लिकमधल्या प्राणिसंग्रहालयातून चौघांना इथे आणलं होतं. त्यातला सुनी 2014 मध्ये गेला, आणि शेवटचा नर सुदान 19 मार्च 2018 ला. आता दोघी शांतपणे गवत खात होत्या आणि बाजूला हत्यारबंद रेंजर उभा. चोवीस तास असतो म्हणे. मी जाळीपाशी उभी होते आणि खरं सांगते, फोटो काढायची इच्छाच होईना.

तिथून पुढे एका झाडाखाली गेंड्यांचं स्मशान आहे. दगड रचलेत, प्रत्येकावर नाव आणि कसा मेला ते. बरेचसे शिकाऱ्यांनी मारलेले. वाचत वाचत पुढे सरकत होतो आणि कोणी काहीच बोलत नव्हतं.

पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते कुत्र्यांचं पथक. पाहुण्यांना त्यांचं काम दाखवतात, आणि मला पळून जाऊन लपायला सांगितलं. मी चांगली लांब झुडपामागे जाऊन बसले, वाकडीतिकडी चालत गेले होते मुद्दाम, आणि थोड्या वेळाने तो ब्लडहाउंड नाक जमिनीला लावून, मागे त्याला सांभाळणारा रेंजर धापा टाकत, सरळ माझ्यापाशी! मग त्या रेंजरने सांगितलं की रात्री गोळीचा आवाज आला किंवा कुंपणापाशी पावलं दिसली की हाच कुत्रा माग काढतो, पावलं काही तासांची जुनी असली तरी. त्याचं खाणं, डॉक्टर, ट्रेनिंग, या माणसाचा पगार, यात पाहुण्यांच्या एंट्री फीचा मोठा वाटा. मी विचारलं, 2020 मध्ये पाहुणे आलेच नाहीत तेव्हा काय केलं? तो म्हणाला, पाहुणे थांबले म्हणून गस्त थोडीच थांबवता येते. पैशांची फार ओढाताण झाली ते वर्ष.

आणि हा पैसा फक्त आतच राहत नाही हेही महत्त्वाचं आहे. आजूबाजूच्या गावांतल्या शाळा, मुलांच्या स्कॉलरशिप, दवाखाने यासाठी जातो, आणि त्याचा शिकारीशी थेट संबंध आहे, कारण परका माणूस रात्री गावात येऊन चौकशी करायला लागला की ते पहिल्यांदा कळतं गावालाच. ज्या गावाला गेंडा जिवंत राहण्यात स्वतःचा फायदा दिसतो ते गाव खबर देतं, ज्याला काहीच मिळत नाही ते कशाला देईल?

म्हणूनच बुकिंग करताना मी आता फक्त किती प्राणी दिसतील हे विचारत नाही. जमीन कोणाची, रेंजर कुठल्या पैशातून ठेवलेत, गाइड इथलाच आहे का, हे विचारते, आणि ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याबरोबर जात नाही. याआधी एका दुसऱ्या पार्कमध्ये आमची व्हॅन रस्ता सोडून थेट चित्त्याच्या पिल्लांजवळ नेली होती आणि मी गप्प बसले होते, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

शेवटच्या संध्याकाळी एक काळी गेंड्याची मादी दिसली, सोबत पिल्लू. गाइडने लांबच गाडी उभी केली, इंजिन बंद, हळूच म्हणाला, किफारू. स्वाहिलीत गेंड्याला तेच म्हणतात. तिच्या कानांना खाचा होत्या, त्यावरून रेंजर कुठला गेंडा ते ओळखतात. वायरलेसवर दुसऱ्या गाड्यांचे आवाज येत होते, कोणाला काय दिसलं विचारत होते. त्याने वायरलेसला हात लावला नाही. खिशातून छोटी वही काढली, वेळ लिहिली, कानाच्या खाचांचं चित्र काढलं, पिल्लू बरोबर आहे असं लिहिलं, आणि परत जाताना ते पान रेंजरच्या चौकीवर देऊन आला.