सेकंड लाइफमधलं दुकान: परमिशन, पोस्टर आणि पहिल्या दिवसाची गर्दी

२००६ साली अमेरिकन अपॅरल या कपड्यांच्या कंपनीने सेकंड लाइफमध्ये, म्हणजे लोक अवतार (आपलं डिजिटल रूप) घेऊन वावरतात अशा ऑनलाइन आभासी जगात, दुकान थाटलं आणि २००७ मध्ये गाशा गुंडाळला. त्याच सुमारास रीबॉक, डेल, निसान अशा कंपन्याही तिथे आल्या होत्या. इमारती दिमाखदार, पण एक चक्कर मारली की परत यावं असं आत काही नसायचं. केस, बूट, सोफे बनवणाऱ्या तिथल्याच रहिवाशांची विक्री मात्र चालू राहिली. गिऱ्हाइकाला आपला अवतार नटवायचा असतो, घर सजवायचं असतं. तिथे कंपनीची पाटी कोण बघतो?

असं छोटं दुकान काढायचं तर आधी परमिशन नीट समजून घ्या. माल घेणाऱ्याला त्याचं काय करता येईल हे त्यातून ठरतं. पुढच्या मालकासाठी कॉपी (प्रत काढणं), मॉडिफाय (बदल करणं) आणि ट्रान्सफर (दुसऱ्याला देणं) असे तीन पर्याय असतात. कपड्यांना बहुतेक जण कॉपी देतात आणि ट्रान्सफर बंद ठेवतात. दोन्ही चालू राहिले, तर पहिलाच खरेदीदार तुमच्या मालाच्या हव्या तितक्या प्रती वाटू शकतो आणि एकदा गेलेली प्रत मागे घेता येत नाही. वस्तूच्या आतल्या स्क्रिप्टची (तिला चालवणाऱ्या कोडची) परमिशन वेगळी असते, ती हमखास विसरली जाते. म्हणून दुकान उघडण्याआधी दुसऱ्या खात्यातून माल विकत घेऊन पाहावा. ट्रान्सफर बंद असलेली वस्तू एकदा घेतली की पुढे भेट देता येत नाही, त्यामुळे गिफ्ट कार्डाची सोय लागते.

विक्रीचा प्रकार निवडतानाही गोची होते. ओरिजिनल (मूळ वस्तूच), कॉपी (तिची प्रत) आणि कंटेंट्स (आत ठेवलेला माल) यांपैकी चुकून ओरिजिनल राहिलं, तर गिऱ्हाईक भिंतीवरच्या वेंडरचंच (पैसे घेऊन माल देणाऱ्या वस्तूचंच) मालक होतं आणि तो उचलून नेऊ शकतं. माल डब्यात ठेवला असेल तर कंटेंट्स निवडा.

साधारण २५० लिंडन डॉलर (तिथलं चलन) म्हणजे एक अमेरिकी डॉलर. २५० ला विकलेल्या ड्रेसवर मार्केटप्लेस (सेकंड लाइफची वेबसाइटवरची बाजारपेठ) १० टक्के, म्हणजे २५ कापून घेतं. स्वतःच्या जागेत विकलं तर हे कमिशन नाही, पण भाडं आहे. मेनलँडवरच्या (तिथल्या मुख्य भूभागावरच्या) १०२४ चौरस मीटरच्या साध्या प्लॉटला ३५१ लँड इम्पॅक्ट (जागेत किती वस्तू मावतील याची मर्यादा) मिळतो, आणि शोभेची झाडं लावत बसलं की तो बघता बघता संपतो. माझ्या मते नवख्याने मार्केटप्लेसपासून सुरुवात करावी. डेमो मात्र ठेवायलाच हवा. मेश (त्रिमितीय मॉडेलचा) कपडा अवताराच्या एका बॉडीवर चपखल बसतो आणि दुसऱ्या बॉडीवर त्यातून कातडी बाहेर डोकावते, हे गिऱ्हाइकाला पक्कं ठाऊक असतं. अंगावर घालून बघितल्याशिवाय ते पैसे काढत नाही. कोणत्या बॉडीसाठी रिगिंग केलंय (कपडा तिच्याबरोबर हलेल असा जोडलाय) ते पोस्टरवर ठळक लिहा.

पोस्टरचं टेक्स्चर (त्यावर चढवलेलं चित्र) ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं पुरतं. १०२४ चं केलं की मेमरी चौपट लागते. अशी चाळीस पोस्टरं भिंतीवर असली की चित्रं उतरेपर्यंत दुकान बराच वेळ करडं दिसत राहतं आणि आलेला माणूस टेलिपोर्ट करून निघून जातो. चित्र सुंदर असून उपयोग काय, दिसायला तर हवं!

खरी उलाढाल मासिक इव्हेंटमध्ये होते. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला उघडणाऱ्या या जत्रेत प्रत्येक दुकानदार इतर कुठेही न मिळणारा एक नवा माल मांडतो आणि इव्हेंट संपल्यावर तो आपल्या मुख्य दुकानात आणतो. सुरुवातीला रिजन (ठरावीक अवतारच मावतील असा त्या जगाचा एक तुकडा) भरलेला असतो, आत शिरता येत नाही. मग लोक शेजारच्या रिजनमध्ये उभे राहून कॅमेरा आत नेतात आणि तिथूनच खरेदी करतात. पोस्टरवरची अक्षरं लांबून वाचता येतात का, हे इथे कळतं.

आडमार्ग सोडा. सर्चमध्ये वर यायला बॉट (माणसाविना चालणारे अवतार) उभे करून ट्रॅफिक (भेटींचा आकडा) फुगवायची चाल सेकंड लाइफ चालवणाऱ्या लिंडन लॅबने २००९ मध्ये बंद पाडली. गाचा मशीनवरही (पैसे टाकून नशिबाने वस्तू मिळणाऱ्या यंत्रावरही) २०२१ मध्ये बंदी आली. पैसे भरताना नेमकं काय हाती पडणार हे माहीत नसणं, ही त्यातली अडचण होती. त्यापेक्षा फॅटपॅक ठेवा: सगळे रंग एकत्र, सुटे घेण्यापेक्षा बरेच स्वस्त. वेंडर घेताना रीडिलिव्हरीची (माल पुन्हा पोचवण्याची) सोय असलेलाच घ्या. रिजन लॅग झाला की पैसे कापले जातात आणि माल पोचत नाही, असं होतं. खरेदीची नोंद असेल तर गिऱ्हाईक टर्मिनलवर क्लिक करून आपला माल पुन्हा मागवतं. नसेल तर रात्री दोन वाजता तुम्हाला तक्रारीचं नोटकार्ड येतं.